मुलींचं ग्राउंड आणि घड्याळाचं गणित



स्पोर्ट्‌सची नोटीस लागली की दरवर्षी एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मुलींची टीमच होत नाही, त्यांना इंटरेस्टच नाही." मला हे कारण पटत नाही. आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा जरा हिशोब मांडूनच पाहू.

आधी 'बायकांना झेपत नाही' ही समजूत. 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये स्त्रिया 800 मीटर धावल्या. शर्यतीनंतर त्या दमलेल्या दिसल्या म्हणून ती शर्यत बंद झाली, ती 1960 पर्यंत. महिलांची मॅरेथॉन तर 1984 मध्ये आली. पुरुष काय धावून दमत नाहीत?

आता आपल्याकडे बघा. नाशिकच्या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. साताऱ्याच्या मोही गावची ललिता बाबर 2016 मध्ये रिओत 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. धाराशिवच्या सारिका काळेला 2020 मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि आपल्या वर्ध्यातच 1936 साली लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती काढली, तिथे मुली व्यायाम आणि लाठी शिकत. म्हणजे वर्ध्याच्या पोरींना मैदान नवं नाही.

मग अडतं कुठे?

1) वेळ : उन्हाळ्यात इथे पारा 45 च्या घरात जातो. खेळायचं तर भल्या पहाटे, नाहीतर सूर्य मावळल्यावर. नेमकं त्याच वेळी लेडीज हॉस्टेलचं गेट बंद! डिसेंबरात प्रॅक्टिकल संपतं पाचला, सूर्य मावळतो साडेपाच-पावणेसहाला. उरली जेमतेम अर्धा-पाऊण तास, आणि तेव्हा ग्राउंडवर मुलांची मॅच रंगलेली असते.

2) सोय : ग्राउंडजवळ कपडे बदलायला खोली नाही, स्वच्छ बाथरूम नाही. महिन्याच्या 'त्या' चार दिवसांत मुलगी येईल कशी?

3) घर : "कायले धावतं वो बाई, काळी पडशीन!" हे आपण सगळ्याच जणी ऐकत आलोय.

तिसरं कारण बदलायला पिढी लागेल. पहिली दोन मात्र एका मीटिंगमध्ये सुटू शकतात. माझं म्हणणं एवढंच :

आठवड्यातून तीन दिवस ग्राउंड ठरावीक वेळी फक्त मुलींसाठी ठेवावं. खेळणाऱ्या मुलींची रजिस्टरवर सही घेऊन गेट तासभर उशिरा बंद करावं. एक खोली, एक बाथरूम आणि दोन लाईट द्यावेत.

सुरुवात खो-खोने करू. दोन खांब, चुन्याची फक्की आणि साधारण 27 बाय 16 मीटर जागा, एवढ्यावर भागतं. एका वेळी आठ जणी बसतात, एक पाठलाग करते, म्हणजे नवखीलाही लगेच काम मिळतं. जानेवारी 2025 मध्ये प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, तोही याच खेळात.

वॉर्डन मॅडम, स्पोर्ट्‌सचे सर, एक सेमिस्टर हे करून बघा. त्यानंतरही बारा जणी जमल्या नाहीत, तर 'इंटरेस्ट नाही' हे वाक्य नोटीस बोर्डवर मी स्वतः लिहीन!