ओल्ड शिकागोनं शिकवलेले सहा धडे

शिकागोच्या नैर्ऋत्येला बोलिंगब्रुक नावाचं उपनगर आहे. २६ जून १९७५ रोजी तिथे ‘ओल्ड शिकागो’ उघडलं. कडेनं बाजार आणि मधोमध घुमटाखाली अख्खं मनोरंजन उद्यान! १९८० मध्ये पाळणे थांबले, १९८६ मध्ये इमारतही पाडली गेली. या भागात राहायला आल्यापासून मी तिचा इतिहास जुळवतो आहे. जुनी वर्तमानपत्रं, नकाशे आणि शेजाऱ्यांच्या आठवणींतून जे उमगलं, ते असं.

१. आधी कल्पनेला न्याय द्या.
बंद पडलेल्या उद्योगाला वेड्यात काढणं सोपं असतं. पण इलिनॉयचा हिवाळा सोसलेल्या माणसाला रॉबर्ट ब्रिंडल या विकासकाची कल्पना लगेच पटेल. उघड्यावरच्या उद्यानांना थंडीत कुलूप लागतं. इथे जानेवारीतही रोलरकोस्टर धावणार होता. शिवाय शिकागोतलं लाडकं मनोरंजन उद्यान रिव्हरव्ह्यू पार्क १९६७ च्या हंगामानंतर कायमचं बंद झालं होतं.

२. पाळण्यांइतकीच दुकानं बघा.
आठवणी सांगणारे पाळण्यांपासून सुरुवात करतात, पण बंद का पडलं याचं उत्तर दुकानांत सापडतं. इथे लहान दुकानं होती. बाजाराला बारमाही गिऱ्हाईक आणून देणारं मोठं डिपार्टमेंट स्टोअर एकही नव्हतं. मुलांना घेऊन हौसेनं एकदा येणं वेगळं आणि घरच्या खरेदीला दर आठवड्याला येणं वेगळं.

३. एकाच कारणावर थांबू नका.
बांधकामाचा खर्च अंदाजाबाहेर गेला होता. जवळच्या ऑरोरामध्ये १९७५ सालीच फॉक्स व्हॅली मॉल सुरू झाला. १९७६ च्या मे महिन्यात शिकागोच्या उत्तरेला गर्नी इथे ‘मॅरियट्स ग्रेट अमेरिका’ हे भव्य उद्यान उघडलं. खरेदीला एक जागा झाली, पाळण्यांना दुसरी. दोन्ही एकत्र देणाऱ्या जागेची ओढ दोन्ही बाजूंनी कमी झाली.

४. वस्तूंचा माग काढा.
‘शिकागो लूप’ हा इथला गाजलेला रोलरकोस्टर, मळसूत्री वेढे घेत माणसांना उलटं करणारा. तो आधी अलाबामातल्या बर्मिंगहॅमला गेला आणि १९८७ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या कॅनोबी लेक पार्कमध्ये उभा राहिला. तिथे तो २०२१ पर्यंत होता. इमारत गेली तरी तिचा एक तुकडा आणखी पस्तीस वर्षं लोकांना ओरडायला लावत होता. आतलं दृश्य बघायचं असेल, तर ब्रायन डी पाल्माचा ‘द फ्युरी’ (१९७८) हा चित्रपट बघा. त्यातला एक प्रसंग इथे चित्रित झाला आहे.

५. ‘फसलं’ म्हणून वही मिटू नका.
१९८० च्या दशकात कॅनडातल्या वेस्ट एडमंटन मॉलमध्ये आणि १९९२ मध्ये मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकेत छपराखालची उद्यानं उभी राहिली आणि टिकली. तिथे मोठी दुकानं सोबतीला होती. कल्पना खोटी नव्हती, तिच्या पायात बळ नव्हतं.

६. माणसं आहेत तोवर नेमकं विचारा.
“कसं होतं?” म्हटलं की “मजा यायची” एवढंच हाती लागतं. “तिथून काय विकत घ्यायचात?” असं विचारल्यावर बरेच जण थांबून आठवत राहतात. ते थांबणंही टिपून ठेवा, तो पुरावाच आहे.

हे धडे आपल्याकडेही लागू पडतात. मुंबईतल्या गोराईचं एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन उद्यान २०२२ मध्ये बंद झालं. तिथे सहलीला गेलेली आणि तिथे राबलेली माणसं आज सांगायला आहेत. त्यांच्याकडची तिकिटं, फोटो, पगाराच्या पावत्या आत्ताच गोळा करा. त्यातही पगाराची पावती आधी मागा. फोटोत हसणारी मुलं दिसतात; उद्यान कुणाच्या कष्टावर आणि किती पैशांत चालत होतं, हे त्या पावतीवरूनच कळतं.