पुरुषाचा दर्जा आणि हक्कसोड



‘पुरुषांचे हक्क’ हा विषय महाराष्ट्रात आता नवा राहिलेला नाही. पुरुष हक्क संरक्षण समितीसारख्या संघटना 1990च्या दशकापासून येथे काम करीत आहेत. छत्रपती संभाजीनगर परिसरात स्वतःला पत्नीपीडित म्हणवणारे पुरुष वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी पिंपळाला उलट्या फेऱ्या मारतात आणि हीच पत्नी पुन्हा नको असे मागणे मागतात, ही बातमीही आपण वाचलेली असेल. मोबाइलच्या माध्यमातून हा विचार मुस्लिम तरुणांपर्यंत पोहोचला आहे. तेथे त्याला पवित्र कुरआनचा आधार जोडला जातो. स्त्रियांचे कपट मोठे असते, पुरुष हा कव्वाम आहे आणि पुरुषाचा दर्जा वरचा आहे, अशी तीन विधाने वारंवार ऐकू येतात. ही विधाने कुरआनमध्ये कोणत्या संदर्भात आली आहेत आणि ती पुरुषाकडून काय मागतात, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

पुरुषाची तक्रार आणि कुरआन

पुरुषावर अन्याय होऊच शकत नाही, असे इस्लाम म्हणत नाही. विवाहितेच्या छळाविरुद्धचे कलम 498 अ हे 1983 साली भारतीय दंडविधानात आले. हुंड्यासाठी जाळल्या जाणाऱ्या मुलींच्या पार्श्वभूमीवर ते आवश्यकच होते. परंतु तक्रार होताच घरातील सर्वांना अटक करण्याची पद्धत पडली, तेव्हा 2 जुलै 2014 रोजी अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावले की, अटकेची गरज तपासल्याशिवाय अटक करू नये. 1 जुलै 2024 पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत 85 व 86 या क्रमांकांनी आले आहे. अर्थात, काही तक्रारी खोट्या असतात म्हणून छळ होतच नाही असे मानणे हीदेखील सत्याशी प्रतारणाच होय.

खोट्या आरोपाचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग कुरआनमध्येच आहे. हजरत यूसुफ (अ.) यांच्यावर अजीजच्या पत्नीने आळ घेतला. त्या वेळी निवाडा कसा झाला? सदरा पुढून फाटला आहे की मागून, हे पाहिले गेले. हा पुरावा सुचवणारा साक्षीदार त्या स्त्रीच्याच कुटुंबातील होता. सदरा मागून फाटलेला निघाला आणि यूसुफ (अ.) निर्दोष ठरले. स्त्रियांच्या कपटाविषयीचे जे वाक्य आज मोठ्या आवेशाने सांगितले जाते, ते याच प्रसंगातील आहे (सूरह यूसुफ, आयत 28). मात्र ते वाक्य अल्लाहने समस्त स्त्रीजातीविषयी दिलेला निर्णय नाही. सदरा पाहिल्यावर त्या घरातील पुरुषाच्या तोंडून निघालेले ते उद्गार आहेत आणि कुरआनने ते तसेच नोंदवले आहेत. पुढे आयत 51 मध्ये तीच स्त्री सत्याची कबुली देते, हे सांगायला मात्र आपण विसरतो.

ज्या ग्रंथात यूसुफ (अ.) यांची बाजू आहे, त्याच ग्रंथात हजरत खौला (रजि.) यांचीही बाजू आहे. पतीने अज्ञानकालीन प्रथेप्रमाणे त्यांना आईसमान म्हणून दूर लोटले. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे दाद मागितली, वादही घातला, आणि त्यांची तक्रार ऐकली गेल्याची घोषणा करीत सूरह मुजादला अवतरली. म्हणजे कुरआनने पुरुषाचीही तक्रार ऐकली आणि स्त्रीचीही. तक्रारदार कोण आहे यावर निवाडा ठरला नाही, पुराव्यावर आणि न्यायावर ठरला.

कव्वाम म्हणजे कोण?

दुसरे विधान सूरह निसाच्या 34 व्या आयतीवर आधारलेले आहे. ‘कव्वाम’ हा शब्द ‘उभे राहणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. जो एखाद्याच्या पालनपोषणासाठी आणि रक्षणासाठी सतत उभा असतो, तो कव्वाम. आयतीत या पदाची दोन कारणे दिली आहेत. एक, अल्लाहने एकाला दुसऱ्यावर जे काही अधिक दिले आहे ते. आणि दुसरे, पुरुष आपल्या संपत्तीतून खर्च करतो हे. दुसरे कारण कमाईचे व कर्तव्याचे आहे, ते जन्माने मिळत नाही.

आता आपल्या घरांकडे पाहा. आमच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरात काठी हे गाव आहे. राजवाडी होळीमुळे ते दूरवर ओळखले जाते. या भागातील आदिवासी बांधवांमध्ये लग्नाच्या वेळी वराकडून वधूच्या घरी ‘देज’ देण्याची रीत आहे. महर याहून वेगळा आहे. देज वधूच्या घरच्यांकडे जाते, तर महर ही वधूची स्वतःची मालमत्ता असते आणि तिच्या वडिलांचाही तिच्यावर अधिकार नसतो. तरीही दोन्हींत देणारा हात वराचाच आहे. आपण मात्र काय करतो? महराची रक्कम नाममात्र ठरवतो आणि तीही उधार ठेवतो. पलंग, कपाट आणि मोटारसायकल मात्र मुलीच्या बापाकडून निकाहाच्या दिवशीच घेतो. जो घेतो, त्याने खर्च करणाऱ्याचे पद कोणत्या तोंडाने मागावे?

उधार महर हे कर्ज आहे, हेही ध्यानात असू द्यावे. पती तो न देता मरण पावला, तर वारसांमध्ये वाटणी करण्यापूर्वी ते कर्ज फेडावे लागते. मयताच्या पलंगापाशी विधवेकडून महर माफ करवून घेण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, ती माफी खरोखर मनापासून दिलेली असते काय, याचा विचार प्रत्येकाने करावा.

दर्जा कशाचा?

तिसरे विधान सूरह बकराच्या 228 व्या आयतीतील आहे. पण त्या आयतीत दर्जाचा उल्लेख येण्यापूर्वीच स्त्रियांवर जशी कर्तव्ये आहेत तसेच त्यांचे हक्कही आहेत, हे सांगितलेले आहे. या दर्जाचे अनेक अर्थ मुफस्सिरांनी सांगितले: कोणी नेतृत्वाचा, कोणी वारशाचा, कोणी तलाकच्या अधिकाराचा. इमाम तबरी (मृत्यू हिजरी 310) यांनी हे अर्थ नोंदवले आणि त्यांतून हजरत अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) यांचा अर्थ अधिक योग्य ठरवला. तो असा की, पत्नीकडून आपले सर्वच्या सर्व हक्क वसूल करणे इब्ने अब्बास (रजि.) यांना पसंत नव्हते, कारण पुरुषाला दर्जा दिलेला आहे. याचा अर्थ, आपले काही हक्क सोडून द्यावेत आणि तिचे मात्र पूर्ण द्यावेत, यात पुरुषाचा दर्जा आहे.

वाचकहो, हा अर्थ मनात ठेवून आपल्या तहसील कचेरीत चला. वडील वारले की मुलींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. भावाला बहिणीच्या दुप्पट वाटा, ही सूरह निसाची 11 वी आयत भावांना पाठ असते. पण बहिणीचा जो एक वाटा त्याच आयतीत ठरलेला आहे, तो मिळत नाही. सही न करणारीला माहेर तुटते. भावाला दुप्पट मिळते ते बहिणीसह कुटुंबाचा भार त्याच्यावर आहे म्हणून. याच वाटण्यांनंतर आयत 13 व 14 मध्ये त्यांना अल्लाहच्या मर्यादा म्हटले आहे आणि त्या ओलांडणाऱ्याला आगीचा इशारा दिला आहे. इब्ने अब्बास (रजि.) यांच्या अर्थाप्रमाणे हक्क सोडायचा तो पुरुषाने, आपण मात्र तो बहिणीकडून सोडवून घेतो आणि वर दर्जाही मागतो.

स्त्रीवादाविषयी

स्त्रीवादावर टीका करण्याचा अधिकार मुस्लिमाला जरूर आहे. हक्क माणसाच्या इच्छेतून जन्मतात, कुटुंब हे मुळातच स्त्रीचे बंधन आहे, असे मानणारा विचार इस्लामला मान्य होणार नाही. परंतु टीका करणाऱ्याने आधी हे विचारावे की, स्त्रियांना लेखणी का उचलावी लागली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली, ती एका विधवेच्या खटल्यानंतर समस्त स्त्रीजातीला दोष देणाऱ्या लिखाणाला उत्तर म्हणून. एकीच्या अपराधावरून सर्व स्त्रियांचा निवाडा करणारे लोक तेव्हा होते, आजही आहेत.

2019 च्या तीन तलाकविरोधी कायद्यात पतीला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे आणि तिच्याविषयी आपल्या समाजात नाराजी आहे. पण एका दमात तीन तलाक दिल्याचे कळताच प्रेषित (स.) क्रोधाने उठून उभे राहिले, ही हदीस सुनन नसाईत आहे. तो क्रोध आपण मनावर घेतला असता, तर बाहेरून कायदा येण्यास निमित्त उरले नसते.

कुरआनने ईमानवंत पुरुष व स्त्रिया यांना एकमेकांचे साथी म्हटले आहे (सूरह तौबा, आयत 71). आमच्या डोंगरातील कुटुंबे ऊसतोडणीसाठी गुजरातेत जातात, तेव्हा नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. एकाने हात टाकला की दोघांचीही मजुरी बुडते. घराचेही तसेच आहे.

आपण काय करावे?

पती-पत्नीत बेबनाव झाला, तर सूरह निसाच्या 35 व्या आयतीप्रमाणे दोन्ही घरांतून एकेक पंच नेमावा आणि त्यांनी पक्षपात न करता दोघांचेही ऐकावे. जिवाला धोका असेल तेथे मात्र समेटाच्या नावाखाली मुलीला थांबवून ठेवू नये; तिला संरक्षण मिळवून द्यावे. खोटी तक्रार झाली, तर यूसुफ (अ.) यांच्याप्रमाणे संयम आणि पुरावा धरावा. निकाहातच महर रोख द्यावा. ज्यांनी बहिणींकडून सह्या घेतल्या आहेत, त्यांनी वाटा परत करावा. मृत्यूनंतर तो परत करण्याची संधी मिळत नाही.

अल्लाह तआला आपल्याला हक्क मागण्याआधी हक्क देण्याची तौफिक देवो. आमीन.