वळीव, धुकं आणि मेटार

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी डीजीसीए (नागरी हवाई वाहतूक महासंचालनालय) हवामानशास्त्राचा स्वतंत्र पेपर घेते. पेपर इंग्रजीत असतो आणि उत्तीर्ण व्हायला ७० टक्के गुण लागतात. सातारा-सांगलीकडच्या मुलांनी त्यातलं बरंचसं हवामान लहानपणापासून पाहिलेलं असतं. नवे असतात ते त्याला जोडलेले आकडे आणि ठरलेले शब्द. पुढच्या संवादातला मामा कराडचा निवृत्त वैमानिक आहे, तर भाची तासगावची असून मराठी माध्यमात शिकलेली आहे.

भाची: मामा, फॉग, मिस्ट आणि हेझ, आपण तिन्हींना धुकंच म्हणतो. पेपरात वेगवेगळं का विचारतात?

मामा: कारण उतरायचं की नाही, हे त्यावर ठरतं. दृश्यमानता १००० मीटरच्या खाली गेली तर फॉग, १००० ते ५००० मीटर असली तर मिस्ट. हेझमध्ये पाण्याचे थेंब नसतात, तरंगणारे कोरडे कण असतात. पाचट पेटवल्यावरचा धूर असेल तर त्याला स्मोक हा निराळा शब्द. कृष्णाकाठी डिसेंबर-जानेवारीत पहाटे दाटतो तो बहुतेक वेळा रेडिएशन फॉग. रात्री आभाळ मोकळं, वारा पडलेला, रानात ओल. जमीन उष्णता सोडून गार होते आणि तिच्यालगतची हवा दवबिंदूपर्यंत उतरते.

भाची: म्हणजे दिवस उगवला की विरणार.

मामा: लगेच नाही. कोवळ्या उन्हानं खालची हवा ढवळली जाते, त्यामुळं सुरुवातीला धुकं आणखी दाटूही शकतं. तापमान आणि दवबिंदू एकमेकांपासून दूर जायला लागले का, ते बघत राहायचं.

भाची: ते मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामानाच्या सांकेतिक अहवालात असतं. पण मेटारची ओळ बघितली की मी अडखळते.

मामा: आपल्याला जवळचा मेटार कोल्हापूर विमानतळाचा. पावसाळी सकाळचा एक नमुना लिहितो: व्हीएकेपी १५०३३०झेड २६०१४केटी ३००० आरए एससीटी०१० बीकेएन०२० २४/२२ क्यू१००६. आता तू सांग.

भाची: व्हीएकेपी म्हणजे कोल्हापूर. १५ तारीख, ०३:३० यूटीसी, म्हणजे आपले सकाळचे नऊ. वारा २६० अंशांकडून, १४ नॉट. दृश्यमानता ३००० मीटर, पाऊस. मग ढग, तापमान २४, दवबिंदू २२, शेवटी क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला धरलेला हवेचा दाब, १००६ हेक्टोपास्कल.

मामा: ढगांवरून घाईनं गेलीस. आकाशाचे आठ भाग धरायचे. एक-दोन झाकले तर फ्यू, तीन-चार स्कॅटर्ड, पाच ते सात ब्रोकन, आठही झाकले तर ओव्हरकास्ट. ब्रोकनपासून पुढचा सर्वांत खालचा थर तो सीलिंग. इथं तो बीकेएन०२०, म्हणजे २००० फुटांवर आहे.

भाची: समुद्रसपाटीपासून?

मामा: विमानतळापासून! हीच चूक घाटाजवळ महागात पडते. कोल्हापूरचा विमानतळ स्वतःच समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर आहे, म्हणजे हा थर सुमारे ४००० फुटांवर आला. महाबळेश्वरचं पठार तर साडेचार हजार फुटांच्या आसपास. त्याच उंचीवरचा ढग तिथं कड्यात शिरलेला असणार. त्यात क्यूएनएच लावायला विसरून उंचीमापक १०१३ या प्रमाण दाबावर राहिला, तर एका हेक्टोपास्कलला साधारण ३० फूट, म्हणजे ७ हेक्टोपास्कलला सुमारे २०० फूट उंची तो जास्त दाखवणार.

भाची: घाटाच्या अलीकडं, आमच्याकडं तर ढगच नसतात. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि आटपाडी-जतला जेमतेम पाचशे.

मामा: वारा सह्याद्रीवर चढताना हवा गार होते आणि पाणी पश्चिमेकडंच सांडते. अलीकडं उतरताना ती तापते, म्हणून ढग विरतात. पण ढग नाहीत म्हणून हवा शांत आहे असं समजू नकोस. डोंगराच्या आडोशाच्या बाजूला जोराचा उतरता प्रवाह आणि भोवरे असतात. छोट्या प्रशिक्षण विमानाला ते चांगलेच जाणवतात.

भाची: आणि वळीव? एप्रिलमध्ये दुपारी चारला आभाळ काळं होतं, आधी फुफाटा उडतो आणि मग चार थेंब पडतात.

मामा: तो फुफाटाच वैमानिकानं ओळखायचा. तापमान ३८ आणि दवबिंदू १८ धर. फरक २० अंशांचा. जमिनीवरून तापून उठणाऱ्या हवेच्या ढगाचा तळ काढायला दर अंशाला साधारण ४०० फूट धरतात, म्हणजे तळ ८००० फुटांवर. तिथून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच सुकतो. सुकताना हवा गार आणि जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर चहूकडं पसरते. हाच डाउनबर्स्ट. छोट्या जागेतला असेल तर मायक्रोबर्स्ट. तू उतरायला निघालीस की आधी समोरचा वारा वाढतो. वेग चढतो, म्हणून नवखा वैमानिक शक्ती कमी करतो. मग खाली दाबणारा प्रवाह लागतो आणि लगेच वारा पाठीमागून येतो. वेग कोसळतो, तोही जमीन अगदी जवळ असताना. २ ऑगस्ट १९८५ ला डॅलसजवळ डेल्टा कंपनीचं विमान असंच पडलं. म्हणून सीबी, म्हणजे गडगडाटी पावसाचा ढग धावपट्टीजवळ असेल तर थांबायचं, नाहीतर दुसरीकडं जायचं. थोडं थांबलं की वळीव निघून जातोच.

भाची: हे समजतं. रेडिओवर बोलायचं म्हटलं की भीती वाटते. माझं इंग्रजी तसं नाही.

मामा: शब्द थोडे आहेत आणि ठरलेले आहेत. मात्र तेच वापरायला हवेत. २५ जानेवारी १९९० ला खराब हवामानामुळं आव्हियांकाचं विमान न्यूयॉर्कवर घिरट्या घालत राहिलं. चालकांनी प्राधान्य मागितलं, इंधन संपत आल्याचंही सांगितलं, पण ‘इमर्जन्सी’ किंवा ‘मेडे’ म्हटलं नाही. इंधन संपून विमान लाँग आयलंडवर पडलं आणि ७३ जण गेले. इंधन खरंच संपत असेल तर ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’ असंच म्हणायचं. लाजायचं नाही.

भाची: आणि उच्चार?

मामा: मराठी वळण राहिलं तरी चालतं, ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. आकडे मात्र ठरल्याप्रमाणे: तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’, नऊला ‘नाइनर’. क्यूएनएच १००६ म्हणजे ‘वन झिरो झिरो सिक्स’, एकेक अंक सुटा. आणि ऐकलेलं तसंच परत म्हणून दाखवायचं. इकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मोजपट्टीनुसार इंग्रजीच्या सहा गोष्टी तपासतात: उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद. सहांतली सर्वांत कमी पातळी तीच तुझी पातळी.

भाची: म्हणजे पाच गोष्टी उत्तम आणि आकलन कच्चं असेल, तर आकलनाचीच पातळी मिळणार.

मामा: हो. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला किमान चौथी लागते. तिची परीक्षा ३ वर्षांनी पुन्हा द्यायची, पाचवीची ६ वर्षांनी. सहावी मिळाली की पुन्हा द्यावी लागत नाही.