वीसपट लहान मोटार

मोटारींच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती जमविणे किंवा स्वतः तयार करणे हा छंद परदेशातून आला खरा, पण नागपूरच्या मुलांना तो अगदीच परका नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे तान्हा पोळा भरतो. पायांखाली चाके लावलेले लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत मुले घरोघर बोजारा मागायला जातात. त्याआधी काही दिवस बाजारात वीतभर उंचीपासून हातभर उंचीपर्यंतचे बैल मांडलेले असतात. दुप्पट उंचीच्या बैलाची किंमत दुप्पट असावी असे गिऱ्हाइकाला वाटते आणि विकणारा सुतार ते मुळीच मान्य करीत नाही. येथे सुताराचेच बरोबर आहे. उंची दुप्पट, लांबी दुप्पट आणि रुंदीही दुप्पट केली की लाकूड २ × २ × २ म्हणजे आठपट लागते.

एवढी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली, तर प्रतिकृतींचे निम्मे भौतिकशास्त्र समजले. एखादी वस्तू सर्व बाजूंनी क्ष पट लहान केली की तिचे पृष्ठफळ क्ष च्या वर्गाने आणि घनफळ क्ष च्या घनाने लहान होते. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याच कारणाने मोठ्या प्राण्याची हाडे लहान प्राण्याच्या हाडांच्या मानाने जास्त जाड असावी लागतात, असे दाखविले. वजन घनाच्या प्रमाणात वाढते, पण ते पेलणारे हाडाचे छेदक्षेत्र वर्गाच्याच प्रमाणात वाढते. उरलेले निम्मे भौतिकशास्त्र मात्र बैलापेक्षा मोटारीवरून चांगले कळते, कारण मोटार वेगाने धावते आणि तिला थांबवावेही लागते.

प्रथम प्रमाणाविषयी. प्रतिकृतीच्या तळाशी १:४३ असे कोरलेले असते, त्याचा अर्थ खऱ्या गाडीचे ४३ सेंमी प्रतिकृतीत १ सेंमी झाले आहेत. मग ४०, ५० असे सोयीचे आकडे सोडून ४३ कशाला? याचे उत्तर खेळण्यातील आगगाडीत आहे. ब्रिटनमध्ये एका फुटाला ७ मिलिमीटर असे आगगाडीचे एक प्रमाण रूढ होते. एका फुटात ३०४.८ मिलिमीटर असतात. त्यांना ७ ने भागले की ४३.५ येतात. मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी याच्या कारखान्यातून १९३४ पासून ‘डिंकी टॉइज’ या नावाने ज्या मोटारी निघाल्या, त्या आगगाडीच्या स्थानकाशेजारी शोभाव्यात अशाच होत्या. पुढे डिंकीचे काही जुने साचे भारतात आले आणि ‘निकी टॉइज’ या नावाने येथेही गाड्या निघाल्या. १९५३ पासून आलेल्या ‘मॅचबॉक्स’ गाड्यांची गंमत वेगळी. काडेपेटीसारख्या ठरावीक खोक्यात मावणे ही तेथे मुख्य अट. त्यामुळे बस, मोटार आणि रोलर यांची प्रमाणे एकमेकांशी जुळत नाहीत. संग्रह करणाऱ्याने एकच प्रमाण धरून गाड्या जमवाव्यात असे मला वाटते. अॅम्बॅसडर आणि ट्रक शेजारी ठेवल्यावर दोन्ही सारख्याच लांबीच्या दिसत असतील, तर डोळ्यांना काय शिकायला मिळणार?

आता आपल्या परिचयाची गाडी घेऊ. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मुंबईतील पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या. म्हणजे ही गाडी आता प्रतिकृतीच्या रूपानेच सांभाळायची आहे. तिची लांबी ३.९३ मीटर, रुंदी १.४६ मीटर, उंची सुमारे १.४७ मीटर, पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर २.३४ मीटर आणि वजन सुमारे ९०० किलो. १:४३ प्रमाणात तिची लांबी ९१ मिलिमीटर होईल. वजन किती व्हावे? ४३ चा घन ७९,५०७. त्याने ९०० किलोंना भागले की उत्तर येते अवघे ११ ग्रॅम! धातूची ओतीव प्रतिकृती तराजूत टाकाल तर ती शंभर ग्रॅमच्या घरात भरेल. हा फरक कोठून आला? खऱ्या गाडीचा पत्रा जेमतेम १ मिलिमीटर जाड असतो. त्याचा त्रेचाळिसावा भाग म्हणजे सुमारे ०.०२ मिलिमीटर, पोळ्या गुंडाळण्याच्या अॅल्युमिनियमच्या कागदाइतका. एवढे पातळ ओतकाम साच्यात होत नाही आणि झाले तरी मुलांच्या हाती टिकणार नाही. म्हणून प्रतिकृतीचे कवच १ मिलिमीटर किंवा त्याहून जाडच ठेवतात. गाडीच्या मापाने ते दीड इंचाहून अधिक जाडीचे चिलखत झाले.

याउलट पुठ्ठ्याची घरगुती गाडी वजनालाही प्रमाणबद्ध करता येते. त्यासाठी १:२० हे प्रमाण सोयीचे, कारण खऱ्या गाडीचा १ मीटर म्हणजे प्रतिकृतीतील ५ सेंमी. पद्मिनी घेतली तर लांबी १९.६ सेंमी, रुंदी ७.३ सेंमी, उंचीही तेवढीच आणि आसांमधील अंतर ११.७ सेंमी. चाकाचा व्यास सुमारे ६० सेंमी, म्हणजे प्रतिकृतीत ३ सेंमी. पाण्याच्या बाटलीचे झाकण जवळजवळ याच मापाचे असते. झाकणावर रबरबँड गुंडाळला की टायर तयार. आसासाठी सायकलचा स्पोक आणि तो सैल फिरेल अशी प्लॅस्टिकची नळी पुरेशी आहे. घरासमोर उभी असलेली दुसरी कोणतीही मोटार टेप लावून मोजली तरी चालेल; किंबहुना ते अधिक चांगले, कारण समोरून, बाजूने व वरून अशी तीन रेखाचित्रे काढताना गाडी खऱ्या अर्थाने पाहिली जाते. छताची किनार सरळ नसते, ती किंचित वक्र असते, हे मोजल्याशिवाय लक्षात येत नाही. कवच जोडून झाले की वजन करा. २० चा घन ८,०००. तेव्हा पद्मिनीच्या प्रतिकृतीचे वजन ११२ ग्रॅम हवे. जेवढे कमी भरेल तेवढी ओली माती किंवा नाणी तळाशी, दोन्ही आसांच्या मध्ये चिकटवा.

अशी गाडी हाती आली की शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हमखास दिसणारी एक गोष्ट तपासता येते. टेबलावर रस्ते आखतात, सिग्नलचे दिवे लावतात, पुठ्ठ्याच्या मोटारी ठेवतात आणि वर वाहतूक सुरक्षेची पाटी. एखादा विद्यार्थी मोटार हाताने पुढे सरकवतो, चौकाजवळ आणतो आणि थांबवतो. मोटार जागच्या जागी थांबते. पाहणाऱ्याच्या मनात ठसते ते हेच, आणि ते साफ चुकीचे आहे.

का ते पाहू. ब्रेक दाबून चाके जखडली की मोटार घर्षणाने थांबते. थांबण्याचे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (२ × घर्षणांक × गुरुत्वत्वरण). कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक सुमारे ०.७ धरू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. हिशेब केला की अंतर येते सुमारे २० मीटर. आता प्रदर्शनातील विद्यार्थी काय करतो? गाडी वीसपट लहान, म्हणून वेगही वीसपट लहान, असे मानून तो ती सेकंदाला ०.८३ मीटर वेगाने नेतो. त्याच सूत्राने हे अंतर फक्त ५ सेंमी येते. प्रतिकृतीचे ५ सेंमी म्हणजे खऱ्या रस्त्यावरचा १ मीटर! खऱ्या मोटारीला जेथे २० मीटर लागतात, तेथे टेबलावरची मोटार १ मीटर दाखवते. वर्धा रोडवर रस्ता ओलांडणाऱ्याने किंवा दुचाकी चालविणाऱ्याने हा हिशेब डोक्यात ठेवला तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय हे अंतर ब्रेक लागल्यानंतरचे आहे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी जवळजवळ १७ मीटर जातात. पावसात घर्षणांक ०.४ वर आला, तर २० मीटरचे ३५ मीटर होतात.

चूक सूत्रात नाही. आपण मोटार लहान केली, रस्ता लहान केला. गुरुत्वत्वरण मात्र टेबलावरही सेकंदाला सेकंदाला ९.८ मीटरच राहिले. ते लहान करण्याची सोय कोणत्याही सुताराजवळ नाही. म्हणून थांबण्याचे अंतर प्रमाणात यायचे असेल, तर वेग २० ने न भागता २० च्या वर्गमुळाने, म्हणजे ४.४७ ने भागला पाहिजे. तो सेकंदाला ३.७ मीटर येतो आणि अंतर बरोबर १ मीटर, म्हणजे खरे २० मीटर. टेबलावर एवढ्या वेगाची मोटार पाहताना छातीत धस्स होते. प्रदर्शनात नेमके तेच दाखवायला हवे.

वजनाचे काय, असे कोणी विचारील. ९०० किलोंची मोटार आणि ११२ ग्रॅमची प्रतिकृती यांना एकच सूत्र कसे लागू पडते? हे घरीच पडताळून पाहा. प्रतिकृतीची चारही चाके दोऱ्याने बांधून जखडा. ती एका लाकडी फळीवर ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. गाडी घसरू लागेल त्या क्षणी फळी आडव्या पातळीशी करीत असलेला कोन मोजा. त्या कोनाची टॅन्जंट म्हणजे घर्षणांक. ३५ अंशांना ०.७ येतो. आता गाडीत नाणी भरून वजन दुप्पट करा आणि पुन्हा कोन मोजा. तो जवळजवळ तोच येईल. वजन वाढले की खाली ओढणारे बल जितके वाढते, तितकेच रोखून धरणारे घर्षणही वाढते.

दुसरा प्रयोग वेगाच्या वर्गाचा. चाके मोकळी करून फळीचे एक टोक पुस्तकांवर टेकवा, दुसरे जमिनीवर. पुढे सतरंजी पसरा. गाडी ५ सेंमी उंचीवरून सोडा आणि सतरंजीवर ती किती दूर जाते ते मोजा. मग २० सेंमी उंचीवरून सोडा. उंची चौपट झाली की पायथ्याशी वेग दुप्पट होतो आणि गाडी सुमारे चौपट दूर जाते. प्रत्येक उंचीला पाच वेळा मोजून सरासरी घ्या. एकदा मोजून समाधान मानू नये.

वेग वर्गमुळाने कमी करण्याचा हा नियम प्रथम मोटारींसाठी वापरला गेला नाही. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात जहाजांच्या प्रतिकृती पाण्याच्या लांब टाकीत ओढून पाहिल्या आणि लाटांमुळे होणारा रोध मोठ्या जहाजाच्या हिशेबात कसा आणावा ते दाखविले. १९१६ पासून चालत आलेल्या, पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात धरणांचे सांडवे, नद्या आणि बंदरे यांच्या मोठमोठ्या प्रतिकृती बांधून पाणी सोडतात. तेथेही पाणी गुरुत्वाकर्षणानेच वाहते, म्हणून हाच नियम पाळतात. धरण बांधून झाल्यावर सांडवा बदलता येत नाही, तेव्हा वर्गमूळ घ्यायचे राहून गेले तर केवढ्याला पडेल!

हवेचा रोध मात्र या नियमाला जुमानत नाही. तेथे हवेची श्यानता महत्त्वाची ठरते आणि लांबी व वेग यांचा गुणाकार कायम ठेवावा लागतो. म्हणजे १:२० प्रतिकृतीवर वारा वीसपट वेगाने सोडायचा. ताशी ६० किलोमीटरचे ताशी १,२०० किलोमीटर झाले. हा तर जवळजवळ ध्वनीचा वेग, आणि त्या वेगाला हवा निराळीच वागते. यामुळे वातबोगद्यात मोटारींच्या प्रतिकृती शक्य तितक्या मोठ्या, पुष्कळदा पूर्ण आकाराच्या घेतात. एकाच प्रतिकृतीला सगळे प्रश्न विचारता येत नाहीत.

संग्रह करणाऱ्यांसाठी थोडे धातूविषयी. ओतीव गाड्या जस्तात सुमारे ४ टक्के अॅल्युमिनियम घातलेल्या मिश्रधातूच्या असतात. तो ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो, म्हणून साचे दीर्घकाळ टिकतात. परंतु त्यात शिशासारखी अशुद्धी अगदी थोडी जरी राहिली, तरी स्फटिकांच्या सीमांवरून धातू आतून कुजत जातो, फुगतो, तडकतो. १९३० च्या दशकातील कित्येक मोटारी अशा भुगा होऊन गेल्या. यावर औषध नाही. ओलाव्याने व उष्णतेने ती क्रिया वेगाने होते एवढेच. तेव्हा उन्हाळ्यात आपण कूलरसमोर बसलो तरी संग्रहाचे कपाट कूलरच्या ओल्या झोतात ठेवू नये. प्लॅस्टिकच्या गाडीचे मऊ टायर कठीण प्लॅस्टिकला वर्षानुवर्षे टेकून राहिले तर तेही चिकटते. मध्ये कागदाची पट्टी घालावी.

शेवटी एक उदाहरण तुमच्यासाठी. १:४३ प्रमाणाची मोटार ७५ सेंमी उंचीच्या टेबलावरून पडते. तिच्या मापाने ही उंची ३२ मीटर, दहा मजली इमारतीएवढी झाली. तरी रंगाचा टवका उडण्यापलीकडे तिला काही होत नाही. जमिनीवर आदळताना तिचा वेग ताशी किती किलोमीटर असेल, आणि खरी मोटार ३२ मीटरवरून पडली तर किती, ते काढा. (उत्तरे: सुमारे १४ आणि ९०.) आता चित्रपटात याच प्रतिकृतीने कड्यावरून कोसळणारी खरी मोटार भासवायची आहे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रे या गतीने दाखवतात. तर चित्रण करताना कॅमेऱ्याने सेकंदाला किती चित्रे घ्यावीत? उत्तर दीडशेच्या थोडे वर येते.