पहिल्याच दोरीला सुरू होतो

जुना चेनसॉ विकणारा माणूस एक वाक्य हमखास म्हणतो: "पहिल्याच दोरीला सुरू होतो." बहुतेक वेळा ते खरंही असतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. टू-स्ट्रोक इंजिन सुरू व्हायला फारसं काही लागत नाही. बऱ्यापैकी कॉम्प्रेशन, प्लगला ठिणगी आणि चमचाभर पेट्रोल मिळालं की ते फुरफुरायला लागतं. ते टिकायला जे लागतं ते बाहेरून दिसत नाही, आणि रंग मारल्यावर तर मुळीच दिसत नाही.

मी ओरेगनमध्ये, पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरोत राहतो. नोकरी कॉम्प्युटरसमोर बसायची, त्यामुळे शनिवार-रविवारी हात काळे केल्याशिवाय चैन पडत नाही. या मुलखात या छंदाला तोटा नाही. डग्लस फरची जंगलं इथलीच, लाकूडतोडीवर इथल्या पिढ्या जगल्या. एखाद्या घरातलं म्हातारं माणूस गेलं की गराजमधलं सामान विक्रीला निघतं आणि त्यात कोपऱ्यात एक पिवळा मॅक्युलक किंवा लाल होमलाइट धूळ खात पडलेला असतो. चेनसॉची आजची साखळीही याच भागातली. जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ साली एका बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. तिचे वाकडे जबडे आळीपाळीने डावी-उजवीकडे लाकूड कापत पुढे जात होते. त्यावरून त्याने केलेली साखळी १९४७ साली पोर्टलंडमध्ये विकायला आली, आणि आजही बहुतेक साखळ्यांचे दात त्याच तत्त्वावर चालतात. आधीच्या साखळ्या लाकूड ओरबाडायच्या, ही तासते.

मॅक्युलकबद्दल एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. ज्या रॉबर्ट मॅक्युलकच्या कंपनीने १९४९ साली पंचवीस पौंडांचा, म्हणजे साधारण अकरा किलोंचा, एका माणसाला पेलवेल असा ३-२५ बाजारात आणला, त्यानेच १९६८ साली लंडन ब्रिज विकत घेतला आणि त्याचे दगड ॲरिझोनातल्या वाळवंटात नेऊन लेक हवासू सिटीत पूल उभा केला. असल्या हौशी माणसाने केलेली मशीन तशीच दणकट आहेत. कंपनीचं मात्र १९९९ साली दिवाळं वाजलं. त्यामुळे सुटे भाग शोधताना हाल होतात.

आता मुद्द्याचं. जुनी चेतक स्कूटर चालवलेल्यांना हे लगेच कळेल. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये जातं, तिथे दाबलं जातं आणि मग वर चढतं. वंगणही त्याच मिश्रणातून मिळतं. म्हणजे क्रँककेस हवाबंद असलीच पाहिजे. तिच्या दोन्ही बाजूंना, क्रँकशाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे, रबरी ऑइल सील असतात. चाळीस-पन्नास वर्षांत ते रबर लाकडासारखं कडक होतं. इंजिन थंड असताना ते कसंबसं धरतं, तापल्यावर सोडतं. मग तिथून फुकटची हवा आत शिरते, पेट्रोलचं प्रमाण घटतं आणि त्याबरोबर ऑइलचंही. इंजिन जास्त तापतं आणि नेमकं तेव्हाच कोरडं पडतं.

एका विक्रेत्याकडून मी असाच एक 'रिस्टोअर केलेला' चेनसॉ घेतला होता. रंग नवा, स्टिकर नवे, कार्बोरेटरमध्ये नवं किट. खरोखर पहिल्याच दोरीला सुरू झाला. हिवाळी वादळात पडलेल्या एका झाडाचे ओंडके करत होतो. टाकी अर्धी संपली असेल, तेव्हा थ्रॉटल सोडला तरी इंजिन खाली येईना. उलट आवाज आणखी बारीक आणि चिरका होत गेला. स्विचकडे बोट जाईपर्यंत 'कच्' असा आवाज झाला आणि सगळं थांबलं. दोरी ओढली, हलली नाही.

सायलेन्सरचे दोन बोल्ट काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं. चांगल्या पिस्टनवर लेथवर घडवतानाच्या बारीक आडव्या रेषा दिसतात, हात फिरवला तर गुळगुळीत लागतो. इथे एक्झॉस्टच्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे होते, राखाडी, आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून रिंगेवर असं सारवलं गेलं होतं की रिंग आपल्या खाचेत चिकटून बसली होती. फ्लायव्हीलमागचा सील काढला तर तो हातात तुकडे होऊन आला. विकणाऱ्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने दिसेल ते सगळं नवं केलं होतं. सील दिसत नाहीत.

म्हणून कोणी विचारलं की मी आधी सांगतो, सायलेन्सर काढून बघू देतो का ते विचारा. नाही म्हणाला तर नमस्कार करून निघा. कॉम्प्रेशन गेजवर दीडशे पीएसआयच्या आसपास आकडा आला तर इंजिन ठणठणीत समजायचं (मॉडेलनुसार थोडं कमी-जास्त), शंभराच्या खाली आला तर ते मशीन सुट्या भागांच्या भावातच घ्यायचं. पण गेजही फसवतो. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल ओतलं की आकडा वर चढतो. पिस्टन डोळ्यांनी पाहिलात तर ही चलाखी चालत नाही.

मशीन घरी आलं की सुरू करून बघायची घाई नको. हातपंपाने प्रेशर आणि व्हॅक्युम टेस्ट करायची. एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरची जागा रबराचा तुकडा लावून बंद करायची, प्लग घट्ट, आणि क्रँककेसमध्ये सात पीएसआयच्या आसपास हवा भरायची. काटा मिनिटभर जागचा हलता कामा नये. हलला तर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे चोर दाखवतात. मग उलटं, तेवढंच व्हॅक्युम. इथे पुष्कळजण कंटाळा करतात, आणि नेमकं इथेच जुने सील पकडले जातात. आतून दाब आला की सीलची ओठासारखी कड शाफ्टला घट्ट बसते, ओढ लागली की उचलली जाते. टेस्ट चालू असताना शाफ्ट हाताने हळूहळू फिरवत राहायचं.

बाकीची उघडाउघड त्यामानाने सोपी आहे, पण काही ठिकाणी ताकद लावली की वाट लागते. बहुतेक चेनसॉंच्या क्लचला उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतो. हे ठाऊक नसलेला माणूस पान्यावर उभा राहतो आणि क्रँकशाफ्टचं टोक तोडतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून दोरीचा तुकडा आत सोडावा, स्क्रूड्रायव्हर कधीच नाही. फ्लायव्हील काढायला पुलर वापरा. हातोड्याने ठोकलात तर पंखे तुटतील आणि तसं फ्लायव्हील आता कुठे मिळत नाही. खाली कॉन्टॅक्ट पॉइंट असतात, अगदी जुन्या स्कूटरसारखे. ठिणगी येत नसेल तर कॉइलला दोष देण्याआधी पॉइंटवरची काजळी साफ करून बघा. फटीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, अंदाजाने लावायचा नाही.

सिलिंडरला चिकटलेलं ॲल्युमिनियम काढायला हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतात. कानात घालायच्या कापसाच्या काडीने, थेंबाथेंबाने, फक्त डागावर, उघड्या अंगणात. सिलिंडर मशीनवर बसलेला असताना हे करायचं नाही, कारण खालची बॉडी मॅग्नेशियमची असते आणि ॲसिड लागलं की ती फसफसून विरघळायला लागते. मॅग्नेशियमवर ग्राइंडर चालवल्यावर जो कीस पडतो तोही तिथेच साठू देऊ नका. पेटला तर त्यावर पाणी ओतू नये, आग भडकते. जवळ कोरडी वाळू ठेवा.

पेट्रोलचं म्हणाल, तर इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या नळ्या, डायफ्राम यांना ते मानवत नाही. ओरेगनात छोट्या इंजिनांसाठी बिनइथेनॉलचं प्रीमियम मिळतं, मी तेच घालतो. टाकीवर सोळाला एक असं छापलेलं असतं ते त्या काळच्या ऑइलसाठी होतं. आजचं चांगलं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर मी बत्तीसला एक ठेवतो, उगाच पन्नासची कंजुषी करत नाही.

ट्यूनिंगला मी कान वापरतो. लाकडाबाहेर पूर्ण थ्रॉटलवर आवाज किंचित घोगरा, अडखळता यायला हवा, आणि दात लाकडात शिरले की तोच आवाज स्वच्छ व्हायला हवा. लाकडाबाहेरही तो सुरेल लागत असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, कार्बोरेटरचा स्क्रू थोडा उघडा. ऐकायला सुरेल इंजिनच गोड वाटतं, म्हणून नवखे लोक तिथेच थांबतात आणि महिनाभरात पिस्टन शोधत फिरतात.

आणि चालवायचं म्हणाल तर जपून. साठच्या दशकातल्या मशीनवर चेन ब्रेक नाही. बारच्या नाकाचा वरचा कोपरा दुसऱ्या फांदीला टेकला की बार क्षणात उलटून तोंडाकडे येतो. माणसाला कळायच्या आत होतं ते, त्यामुळे 'मी लक्ष ठेवीन' या म्हणण्याला अर्थ नाही. डावा अंगठा हँडलच्या खालून वळलेला, डोकं बारच्या रेषेच्या बाहेर, हेल्मेट, जाळी, कानाला मफ, पायावर चॅप्स. रबरी अँटी-व्हायब्रेशन माउंटही या जुन्या मशीनवर सहसा नसतात. तास-दीड तासात बोटं बधिर होतात, आणि वर्षानुवर्षं हेच केलेल्या लॉगरांची बोटं थंडीत पांढरीफटक पडतात, कायमची. मी जुनं मशीन एका टाकीपुरतंच चालवतो. घरच्या सरपणाला ब्रेकवालं नवं मशीन आहे. सुरू करून बघायचं असेल तेव्हाही गराजचं दार नुसतं उघडून भागत नाही, मशीन बाहेर अंगणात न्यायचं.

सिॲटलला राहणाऱ्या भाच्याने परवा फोन केला, "मामा, एक होमलाइट मिळतोय, घेऊ का?" म्हटलं, एक्झॉस्टमधून पिस्टनचा फोटो पाठव. त्याने तीन फोटो पाठवले, तिन्ही रंगाचे. मग त्याला म्हटलं की आधी हातपंप आणि गेज घे, त्या मॉडेलचे सील आणि कार्बोरेटरचं किट मिळतंय का ते बघ, मॅन्युअल शोध. ते सगळं टेबलावर आलं की मला फोन कर, मग विकणाऱ्याशी भावाचं बोलू.