चारशे चित्रं, एक बाई

प्रश्न : मी पाचवी ते आठवीच्या आठ तुकड्यांना चित्रकला शिकवते. एकेका तुकडीत पन्नासच्या आसपास मुलं आहेत. चित्रं तपासायची, सांभाळायची, वर्णनात्मक नोंदी लिहायच्या. शिवाय फलकलेखन आणि स्नेहसंमेलनाची सजावट माझ्याकडेच. फोन आणि संगणक वापरून यातलं काही हलकं होईल का? की चित्रकलेच्या तासाला यंत्र आणणंच चूक?
— एक कलाशिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : शेवटची शंका आधी दूर करू. चित्रकाराने यंत्राची मदत घेणं फार जुनं आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५२५ साली छापलेल्या मापनावरच्या पुस्तकात यथादर्शनासाठी वापरायच्या चौकटी आणि दोऱ्यांची चित्रं आहेत. १८०६ साली वोलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने ‘कॅमेरा ल्युसिडा’चं पेटंट घेतलं. त्या छोट्याशा काचेतून समोरचं दृश्य कागदावर पडल्यासारखं दिसे. तेव्हा यंत्र आणावं का, यापेक्षा ते कोणत्या कामाला लावावं याचा विचार आपण करू.

तुमच्याकडे चारशे मुलं. एका चित्रावर फक्त एक मिनिट नजर टाकायची म्हटलं तरी साडेसहा तासांहून जास्त वेळ जातो. त्यात पहिली ते आठवीला कला विषयाची लेखी संकलित चाचणी नाही. आकारिक मूल्यमापन आणि वर्णनात्मक नोंद यांवरच सगळं चालतं. नोंद प्रगतीची हवी. पण जुलैतलं चित्र मूल घरी घेऊन गेलेलं असतं आणि नोंद लिहायची वेळ येते सत्राच्या शेवटी. चारशे मुलांचा हात कसकसा बदलला हे कोणाच्याच लक्षात राहणार नाही. मग तयार नोंदींच्या पुस्तकातून ‘आवडीने रंग भरतो’, ‘चित्र नीटनेटके काढते’ अशी वाक्यं उतरतात. त्या वाक्यांत मूल कुठेच नसतं, आणि याची खंत सगळ्यात जास्त शिक्षकालाच असते. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की, फोनला तुमची आठवण बनवा. एकाच मुलाची वर्षभरातली चित्रं शेजारी-शेजारी बघता आली पाहिजेत.

प्रत्येक चित्राचा फोटो घेऊ नका. वर्षातून पाच-सहा वेळा, शक्यतो सारख्याच विषयांवरची चित्रं निवडा : एक वस्तुचित्र जुलैत, एक जानेवारीत. मुलांना हजेरीच्या क्रमाने उभं करा. आपला कागद खाली ठेवायचा आणि फोटो झाला की उचलायचा, हे काम त्यांचंच. गैरहजर मुलाच्या जागी कोरा कागद ठेवून त्याचाही फोटो घ्या, म्हणजे क्रम तुटत नाही. रांग चालू लागली की पन्नास चित्रं सात-आठ मिनिटांत होतात.

संगणकावर घेतल्यावर एका तुकडीचे ते सगळे फोटो क्रमाने निवडा, एफ-२ हे बटण दाबा आणि ‘जुलै’ असं नाव द्या. विंडोज स्वतःच प्रत्येकापुढे कंसात १, २, ३ असे आकडे घालतं, आणि हजेरी क्रमांक आपोआप नावात येतो. सगळे महिने तुकडीच्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा. मग १७ हा आकडा शोधला की त्या मुलाची जुलै, सप्टेंबर, जानेवारीची चित्रं एकत्र समोर येतात. कॅमेऱ्यातून फोटोचा आकार कमी ठेवला, म्हणजे एकेक साधारण १ एमबीचा, तर चारशे मुलांचे सहा वेळचे फोटो २.४ जीबीत मावतात. गुगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा असते. तीत ते आरामात बसतात.

फोटो घेण्याच्या काही खुब्या आहेत. कागद व्हरांड्यात सावलीत ठेवा. थेट ऊन नको आणि फ्लॅशही नको, कारण तेलखडूची चित्रं चकाकतात. फोन कागदाला समांतर धरा. अगदी जवळ जाऊन फोटो घेतला तर कडा फुगतात. थोडं मागे सरून दुप्पट झूम करावं. कागदपत्रं स्कॅन करायची ॲप चित्रांसाठी टाळा. कागद पांढराशुभ्र करण्याच्या नादात ती पेन्सिलच्या फिकट रेषा आणि जलरंगाचा हलका थर पुसून टाकतात. नेमकं तिथेच मुलाचं काम दिसत असतं.

आता नोंदी. फोनच्या कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोललं की मजकूर उमटतो. मुलाची तीन चित्रं समोर ठेवा आणि दिसतं ते बोला : ‘जुलैत तांब्या हवेत तरंगत होता, आता त्याला टेबलाची कड आणि सावली मिळाली आहे. लंबगोल अजून टोकांना अणकुचीदार होतो.’ बोलायला अर्धं मिनिट लागतं. पालकाला या दोन वाक्यांत आपलं मूल दिसेल आणि पुढच्या तासाला काय शिकवायचं हे तुम्हालाही कळेल. गुण मात्र कोणत्याही ॲपला देऊ देऊ नका. तिरका तांब्या चुकून तिरका झाला की ओतताना दाखवायचा होता, हे त्या मुलाला ओळखणाराच सांगू शकतो.

दुसरं मोठं ओझं प्रात्यक्षिकाचं. जलरंगाचा सपाट वॉश टेबलाभोवती गोळा झालेल्या पहिल्या दहा जणांना दिसतो, बाकीच्यांना बाईंची पाठ. वर्गात स्मार्ट टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल तर फोन स्टँडवर कागदाच्या वर आडवा बसवा आणि त्याचा पडदा मोठ्या पडद्यावर दाखवा. उजव्या हाताने काढत असाल तर स्टँड आणि दिवा डावीकडे ठेवा, म्हणजे हात आणि हाताची सावली आड येत नाही. त्याच वेळी रेकॉर्डिंग केलंत तर दिवसातल्या चौथ्या तुकडीला ते लावून तुम्ही बाकांमधून फिरू शकता. पहिल्यांदा मात्र प्रत्यक्षच करून दाखवा. कागद फुगला, रंग ओघळला, तर काय करायचं हेही मुलांना दिसायला हवं.

छायाप्रकाश शिकवायला फोन फार कामाचा आहे. लाल टोमॅटो, हिरवी ढोबळी मिरची आणि पितळी वाटी मांडा, फोटो घ्या आणि त्यातला रंग काढून तो कृष्णधवल करा. लाल आणि हिरवा हे इतके वेगळे रंग करड्या छटेत जवळजवळ सारखे निघतात, हे पाहून मुलं चकित होतात. डोळे किलकिले करून बघायला आपण सांगतोच; ते कशासाठी, हे त्या फोटोने पटतं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या मुलांना कर्तव्यभूमिती शिकवताना जिओजेब्रा हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. त्यात रचना एकेक पायरी पुढे-मागे नेता येते. ‘बाई, पुन्हा एकदा’ म्हटलं की फळा पुसावा लागत नाही.

प्रश्न : आमच्या मुलाच्या वर्गात नेटवरची किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रं दाखवून ती काढायला सांगतात. हे योग्य आहे का?
— एक पालक, पुणे

उत्तर : कोणतं चित्र आणि कशासाठी, यावर ते अवलंबून आहे. थोरांच्या चित्रांचा अभ्यास ही तर कलाशिक्षणाची जुनी पद्धत. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती काढत होते, आणि ते काम तेरा वर्षं चाललं. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. पण ओल्या, अंधाऱ्या लेण्यांत बसून बघण्याची जी सवय त्या मुलांना लागली, ती त्यांच्यापाशीच राहिली.

आज बघायची सोय घरबसल्या आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ साली रेम्ब्राँच्या ‘नाइट वॉच’चं ७१७ अब्ज पिक्सेलचं छायाचित्र सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यात रंगाच्या थराला गेलेले तडेही दिसतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये पावणेचार लाख चित्रं वापराला मोकळी केली. शिक्षकांनी अशा चित्राचा तळहाताएवढा भाग मोठा करून दाखवावा आणि तेवढाच मुलांकडून काढून घ्यावा. चित्रकाराने तिथे काय केलं आहे हे मुलाच्या हाताला कळतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं चित्र संदर्भ म्हणून देऊ नये. ते यंत्र असंख्य चित्रांतले नमुने शिकून खरं वाटेल असं काहीतरी मांडतं. त्याला जास्वंद माहीत नसते. त्याच्या फुलाला कधी पाकळी जास्त येते, कोकणातल्या घराला भलताच उतार येतो, आणि मूल ते खरं मानून गिरवतं. निसर्गचित्रासाठी शाळेच्या कुंपणावरची फांदी आणून पाण्यात ठेवावी. पान देठाला कुठे आणि कसं जुळतं, हे बोटाने चाचपून बघता येईल असं दुसरं साधन नाही. या यंत्राकडे पाहायचंच असेल तर आठवीच्या मुलांसमोर त्याने काढलेलं फूल आणि खरं फूल शेजारी ठेवा आणि चुका शोधायला सांगा. तो तास मुलांच्या लक्षात राहील.

आणखी एक. शाळा चित्रांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकत असेल तर चित्र दाखवावं. मुलाचा चेहरा आणि पूर्ण नाव टाळावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचं तत्त्व घातलं आहे. तुम्ही शाळेला तसं विचारू शकता.

प्रश्न : चित्रकलेसाठी थोडा निधी आला आहे. टॅब्लेट घ्यावेत का?
— एक मुख्याध्यापक

उत्तर : चार-पाच टॅब्लेट पन्नास मुलांत फिरवण्यापेक्षा फोनचा एक भक्कम स्टँड, एक चांगला दिवा आणि पडद्याला जोडायची सोय करा. त्याचा उपयोग रोज, सगळ्या तुकड्यांना होईल. संगणक कक्ष आधीच असेल तर डिजिटल चित्रांसाठी क्रिता हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. उरलेल्या पैशांत जाड कागद, चांगले ब्रश आणि जलरंग घ्या. बऱ्याच मुलांच्या हाती ते शाळेतच पहिल्यांदा पडतात.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न शिक्षकाचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तिथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असं म्हटलं आहे. तुमच्या शाळेत ती जागा रिकामी असेल तर आधी तिचा पाठपुरावा करा. वर लिहिलेली प्रत्येक सोय शिक्षकाचा वेळ वाचवण्यासाठी आहे. तो वाचलेला वेळ घेऊन मुलाच्या बाकापाशी जाणारं माणूसच शाळेत नसेल, तर ही साधनं कपाटात पडून राहतील.