योजनेचे उद्दिष्ट आणि त्याचे मोजमाप

सार्वजनिक योजनेचा हिशेब दोन प्रकारे मांडता येतो. किती काम झाले, हा एक. त्या कामाने काय साधले, हा दुसरा. पहिला सोपा असल्यामुळे बहुधा तेवढाच मांडला जातो.

धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात हा भेद ग्रामकार्यकर्त्यांनी नीट ध्यानी घ्यावा. डिसेंबर २०१४ मध्ये राज्य शासनाने जलयुक्त शिवार अभियान सुरू केले. २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करणे, हे त्याचे उद्दिष्ट होते. गावोगावी बंधारे झाले, नाले खोल व रुंद झाले. तथापि ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजलपातळी वाढण्यावर अल्पच परिणाम झाला, असा अभिप्राय भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० मधील अहवालात आला. यावरून गावाने बोध घ्यावा.

“दहा बंधारे बांधणे” हे काम होय. “मे महिन्यात विहिरीला पाणी राहावे व टँकर लागू नये” हे उद्दिष्ट होय. त्याचे मोजमाप पुढीलप्रमाणे करावे :

(१) कामास आरंभ होण्यापूर्वीच पाच-सहा विहिरी निवडून काठावर कायमची खूण करावी व तेथून पाण्यापर्यंतची खोली मोजावी. आरंभीची नोंद नसेल, तर पुढील तुलना व्यर्थ होय.

(२) दरवर्षी ऑक्टोबर व मेअखेर त्याच विहिरी मोजाव्यात. रात्रभर पंप बंद ठेवून सकाळी मोजणे उत्तम.

(३) काम न झालेल्या, पण तशाच जमिनीतील एक-दोन विहिरीही मोजाव्यात. समजा, कामाच्या क्षेत्रात पाणी १४ मीटरवरून १२ मीटरवर आले. परंतु दुसरीकडेही ते दीड मीटर वर चढले. तर ही दीड मीटरची वाढ पावसाची, व कामाचे श्रेय सुमारे अर्ध्या मीटरचे समजावे.

(४) पावसाबरोबर उसाचे व उन्हाळी पिकांचे क्षेत्र आणि पंपांची संख्याही नोंदवावी. बंधाऱ्याने मुरविलेले पाणी वाढत्या उपशाने संपले, तर दोष बंधाऱ्याचा नव्हे. पीकपद्धतीचा विचार करावा लागेल.

ही नोंदवही दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावी. आकडे प्रतिकूल असले तरी ते लपवू नयेत. चूक वेळीच कळली, तर पुढील वर्षीचा पैसा व श्रम योग्य जागी लागतील. आणि उन्हाळ्यात गावच्या भगिनींना टँकरची वाट पाहावी लागणार नाही.